भाडेकरू

आखातातल्या एका इस्पितळात, शवागाराबाहेरच्या बाकावर बसून मुग्धा फोनवर भावाचं ऐकत होती. सकाळपासून तिने बाबा गेल्याची बातमी इतक्या जणांना त्याच शब्दांत सांगितली होती की शब्दांची चवच गेली होती.

"गेलेल्या माणसाला आता चिरायचं?" पुण्याहून सुजीत म्हणाला.

"पेसमेकर काढल्याशिवाय दहन करता येत नाही. बॅटरी फुटते."

"मग इकडे आणू त्यांना."

"वैकुंठ स्मशानात काय फुटणार नाही, सुज्या?"

नर्स नबिला दारात आली. "मॅडम, डॉक्टर पूछ रहे हैं. निकालें?"

मुग्धाने बोट वर करून एक मिनिट मागितलं. ते तिला स्वतःसाठीच हवं होतं. हृदय थांबलं तरी ते यंत्र थांबत नाही, असं तिने वाचलं होतं. आत, त्या गार खोलीत, ते अजून बाबांच्या हृदयाला टिचक्या मारत असेल. उत्तर येत नसलं तरी. बाबांमधलं तेवढंच चालू होतं, आणि ते बंद करायला तिनेच हो म्हणायचं होतं.

बाबा भौतिकशास्त्राचे मास्तर. यंत्र बसवल्यापासून मुग्धाच्या इथल्या घरी येईल त्याला चहा निवेपर्यंत ऐकवायचे, "अठ्ठावन्न साली स्वीडनमध्ये पहिला पेसमेकर बसवला, तो काही तासांतच बंद पडला. पण पेशंट असला पठ्ठ्या, वीसेक यंत्रं पालटली आणि बनवणाऱ्या इंजिनियरला नि बसवणाऱ्या डॉक्टरलाही मागे टाकून जगला!" मग छातीवर थाप मारून म्हणायचे, "माझा हा भाडेकरू. भाडं देत नाही, पण दिवा वेळेवर लावतो."

"सुज्या, बाबा त्याला काय म्हणायचे?"

"...भाडेकरू."

"आणि आपली सोसायटी पाडायची ठरली, तेव्हा मीटिंगमध्ये काय म्हणाले होते?"

सुजीतच्या नाकातून आवाज आला, हसल्याचा की रडल्याचा, कळलं नाही. "घर पाडायचं तर आधी भाडेकरूंना मानाने बाहेर काढा. केवढं भांडले होते! सेक्रेटरी वर्षभर बोलत नव्हता."

"मग?"

पलीकडे कुणीतरी कुकर बंद केला. कुणीतरी दबक्या आवाजात काहीतरी विचारलं.

"काढ, ताई," सुजीत म्हणाला. "पण नीट सांग त्यांना. घाई नको."

"हां," मुग्धा नबिलाला म्हणाली. "आराम से करना. प्लीज."

नबिलाने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि आत गेली. फोन दोघांनीही ठेवला नाही. एसीचा वारा मानेवर येत होता. तरी ती त्याच बाकावर बसून राहिली.

दार उघडलं.

"खलास, मॅडम," नबिला हळूच म्हणाली.

या शहरात दुकानदारापासून टॅक्सीवाल्यापर्यंत सगळेच काम झालं की अरबीतलं 'खलास' म्हणतात. इतक्या वर्षांत मुग्धाला तो शब्द ऐकूही येईनासा झाला होता. आज तो तिला मराठीतून ऐकू आला. आणि सकाळपासून सगळ्यांना सांगत आलेली बातमी तिला तेव्हा कळली.