मागच्या भिंतीचा निकाल

सुगराने पाकिटाची कड कात्रीने सरळ कापायला घेतली. बाबालालना तेवढाही धीर नव्हता.

"फाड की गं! कात्री कशाला?"

"आत नकाशा असेल, अब्बा. फाटला तर चिकटवत बसावं लागेल."

"अकरा वर्षं कोर्टापायी थांबलो, आता तुझ्या कात्रीपायी थांबतो."

पाकीट मुंबईच्या वकिलांकडून रजिस्टरने आलं होतं. वर दोन ओळींचं पत्र होतं: उच्च न्यायालयाने आपले अपील मंजूर केले, अभिनंदन. त्याखाली निकालाची एकोणीस पानं, इंग्रजीत टाइप केलेली. घरात इंग्रजी वाचणारी एकटी सुगरा. ती हायस्कुलात विज्ञान शिकवायची. शनिवारची सकाळची शाळा आणि जेवण आटोपून ती नुकती मागच्या पडवीत टेकली होती.

"म्हंजे जिंकलो," बाबालाल म्हणाले. आवाज भिंतीपलीकडे जाईल एवढा मोठा होता. पलीकडच्या परसात फिरणारी गणपतरावांची पांढरी टोपी जागच्या जागी थांबली.

दोन घरांच्या पाठी एकमेकींना लागून होत्या आणि मध्ये ही छातीएवढी भिंत. बाबालालनी ती बांधायला घेतली तेव्हा ती दीड फूट आपल्या जागेत येते म्हणून गणपतराव कोर्टात गेले. कोर्टाने 'जैसे थे'चा हुकूम दिला तेव्हा मधल्या तीन फुटांच्या फटीचं काम राहिलं होतं. ते तसंच राहिलं. शेजारी रचलेल्या विटांना शेवाळ धरलं, पण त्यातली एक वीट बाबालालनी हलवली नाही आणि गणपतरावांनी हलवू दिली नाही. खालच्या कोर्टात बाबालाल जिंकले, जिल्हा कोर्टात गणपतराव, आणि मग प्रकरण मुंबईला गेलं. एवढ्या काळात दोघे एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते.

"उद्या सकाळी पिराजी गवंडी येतोय," बाबालाल म्हणाले. "जिंकणारच म्हणून वाळू आजच टाकून घेतलीया. वाच आता. सगळं वाच."

"सगळं नको," दाराशी बसलेली सुगराची आई लालबी म्हणाली. "मुद्द्याचं तेवढं सांग. माझ्या थेंबांची वेळ होईल."

चार वर्षांपूर्वी लालबीच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. दिवसातून चार वेळा थेंब घालायचे. चुकले तर जेवढी नजर जाईल तेवढी परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. सुगराने चौकटीच्या कागदावर तक्ता करून भिंतीला लावला. सकाळ-संध्याकाळचे सातचे थेंब तिचे. पण अकरा आणि तीनला ती शाळेत असे आणि बाबालालचे हात कापत. चाळीस वर्षं फौंड्रीत साचे केलेले ते हात आता चहाची बशीही सांडवत. तेव्हापासून अकरा आणि तीनला गणपतरावांची बायको शेवंताबाई येऊ लागली. तिचं दार पलीकडच्या गल्लीत उघडायचं. रस्त्याने यायचं तर सगळा चढ, आणि तिचे गुडघे कामातून गेलेले. भिंतीच्या फटीतून मात्र अकरा पावलं होती. सुगराने मोजली होती.

हे वकिलाच्या कानावर गेलं तेव्हा त्याने कपाळाला हात लावला. "त्या बाईला येता-जाता बघून गप्प बसलात, तर उद्या ते वहिवाटीचा हक्क सांगतील!" बाबालालना तिला अडवता येईना आणि बघून गप्पही बसता येईना. त्यांनी मधला मार्ग काढला. अकराला पाच कमी आणि तीनला पाच कमी असताना ते खुर्ची उचलून घराच्या भिंतीकडे तोंड करून बसत. जे दिसलंच नाही त्याला हरकत कशी घेणार? थेंब घालून शेवंताबाई गेली की खुर्ची पुन्हा जागेवर. चार वर्षं हे रोज चाललं होतं, आणि सुगराने त्यावर बोलणं केव्हाच सोडून दिलं होतं.

ती मराठीत सांगत सांगत शेवटच्या पानावर आली.

"'जिल्हा न्यायालयाचा हुकूमनामा रद्द. अपीलकर्त्याला आपल्या घराच्या…'"

ती थांबली. तेच वाक्य तिने मनात पुन्हा वाचलं. मग निकालाला जोडलेला नकाशा उघडला. कोपऱ्यात उत्तर दाखवणारा बाण होता. तिने कागद फिरवून उलटा धरला. आता सगळं जुळत होतं.

नकाशा करायला आलेला कोर्ट कमिशनर तिला आठवला. कॉलेजात होती ती तेव्हा. टेपचं एक टोक तिच्याच हातात होतं. नागपूरकडचा तरुण वकील, नुकता कोल्हापुरात आलेला. आभाळ भरून आलं होतं, सूर्याचा पत्ता नव्हता. त्याने विचारलं होतं, "या घराचं तोंड कोणीकडे?" बाबालाल आणि गणपतराव एका सुरात म्हणाले, "आंबाबाईचं हाय तिकडंच!" त्याने देवीच्या नावाने हात जोडले आणि पूर्व लिहिलं. त्याच्या गावाकडे देव पूर्वेला तोंड करून बसत असणार. इथली आंबाबाई पश्चिमेला बघते, हे त्याला कुणी सांगितलं नाही, कारण कोल्हापुरात ते कुणाला सांगावं लागत नाही. इंग्रजीतल्या त्या कागदावर दोघांनी न वाचता सह्या केल्या.

तीन कोर्टं. दोन्ही बाजूंचे मिळून सहा वकील. सूर्य कुठे उगवतो, हे एकालाही विचारावंसं वाटलं नव्हतं. नववीच्या मुलीने आकृतीत बाण चुकवला तर सुगरा अर्धा गुण कापत असे. तिची बोटं सवयीने लाल पेन्सिलीसाठी पदराशी चाचपडली.

"काय झालं? थांबलीस का?" बाबालाल म्हणाले.

'मागची भिंत' एवढं म्हटलं तरी भागलं असतं. उद्या पिराजी आला असता आणि दुपारपर्यंत फट बुजली असती.

"तीन वाजले का गं?" लालबीने विचारलं. तिचं तोंड फटीकडे होतं.

"वाजतील," सुगरा म्हणाली आणि कागद सरळ केला. "'अपीलकर्त्याला आपल्या घराच्या पश्चिम हद्दीवरील अपुरी भिंत पूर्ण करण्याचा हक्क आहे.'"

"पश्चिम?"

"पश्चिम."

"अगं, पश्चिमेला आपलं दार हाय! काय दारात भिंत घालू?"

"कोर्टाची हरकत नाही."

लालबी पदर तोंडाला लावून हसू लागली.

"तू पूर्व वाच की!" बाबालाल ओरडले.

"लिहिलंय ते वाचते. कमिशनरने नकाशा उलटा काढला. त्याला तुम्ही आंबाबाईचं तोंड सांगितलंत, आठवतंय? पूर्वेच्या भिंतीबद्दल निकालात एक शब्द नाही."

"मी एकट्यानं न्हाय सांगितलं!"

"खोटं बोलू नगा!" भिंतीपलीकडून आवाज आला. टोपीखाली आता गणपतरावांचं लालबुंद तोंडही दिसत होतं. "आधी तुम्हीच बोलला. मी निस्तं व्हय म्हटलं!"

"आणि सही? ती काय माझ्या म्हशीनं केली?"

"त्यानं हात जोडलं तवाच मला शंका आलती!"

"मग अकरा वर्षं गिळून बसला व्हय ती?"

टोपी भिंतीखाली गेली.

बाबालालनी नकाशा सुगराच्या हातातून घेतला.

"दुरुस्त करून मिळंल?"

"अर्ज करावा लागेल, मुंबईला. त्यांना नोटीस जाईल. नकाशाच चुकला म्हटल्यावर ते नव्याने मोजणी मागतील."

"मग किती दिवस?"

"मला काय माहीत? मागच्या वेळी अकरा वर्षं लागली."

त्यांनी कापऱ्या हातांनी नकाशा आधीच्याच घड्यांवर मिटला. पाकिटात घालायला त्यांना तीनदा प्रयत्न करावा लागला. सुगराने मदत केली नाही.

"पिराजीला निरोप धाड. उद्या येऊ नको म्हणावं."

"आणि वाळू?"

"राहू दे. पळून जाती काय?"

"वकिलांना आज पत्र लिहू?"

"लिहू की." त्यांनी पाकीट मांडीवर ठेवलं. "एवढी घाई काय हाय?"

आतल्या घड्याळात तीनचे ठोके पडले. निकालाच्या नादात खुर्ची फिरवायची राहून गेली होती. सुगरा उठली आणि तिने खुर्चीच्या पाठीला हात घातला. बाबालाल जागचे हलले नाहीत.

शेवंताबाई पदराला हात पुसत फटीत आली आणि एकदम थबकली. तिचा एक पाय अजून पलीकडेच होता.

"भावजी, खुर्ची…"

"तीन वाजून गेलं," बाबालाल सरळ तिच्याकडे बघत म्हणाले. "ये की आत."