बेचाळीस की तीस

हॅडफिल्डांच्या घरातला बॉयलर ऐन जानेवारीत एकदाचा मेला, आणि खरं सांगायचं तर ग्लेंडाला आनंदच झाला. अकरा वर्षं त्या मेल्याने छळलं होतं. वर कुणी शॉवरखाली उभं असावं, खाली कुणी चहाचा मग विसळायला नळ सोडावा, की वरून किंकाळी आलीच, "कोणी सोडला रे गरम नळ?" चार पोरं, दोन माणसं आणि न्हाणीघर एकच. इंग्लंडातल्या बार्न्सली गावच्या त्या घरात रोज सकाळी हाच तमाशा.

आता नवा कॉम्बी बॉयलर, म्हणजे घरही तापवणारा आणि नळाचं पाणीही, घ्यायचा होता. केवढा घ्यायचा, एवढाच प्रश्न. आणि त्याचं उत्तर ग्लेंडाच्या मोठ्या दिराकडे, डेस्मंडकडे, तयार होतं. त्याच्याकडे कशाचं नसायचं!

"बेचाळीस किलोवॅट!" रविवारच्या जेवणाला येऊन, तिसऱ्यांदा बटाटे वाढून घेत त्याने फर्मान सोडलं. "नऊ रेडिएटर, सहा माणसं. सगळ्यात मोठा घ्या आणि मोकळे व्हा. जुना चोवीसचा होता, म्हणून तर रडत होता."

"पण पाणी तरी तेवढं येतं का आपल्याकडे?" ग्लेंडाने विचारलं.

"मोठा बॉयलर ओढून घेतो गं पाणी. तू ग्रेव्ही आण बघू."

ग्लेंडाच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने नवऱ्याकडे पाहिलं. क्लाइव्ह काचकारखान्यात भट्टीवर कामाला, माणूस सोन्यासारखा, पण थोरल्या भावापुढे मांजर. "डेस्मंड म्हणतोय तर घेऊ," तो म्हणाला. लग्न झाल्यापासून एकोणीस वर्षं हेच. गाडी डेस्मंडने ठरवली, गालिचा डेस्मंडने ठरवला, ओटासुद्धा डेस्मंडनेच बसवला. आणि हा बॉयलर म्हणजे काय गालिचा होता, नाही आवडला तर बदलायला? पुढची पंधरा वर्षं त्याच्याशी संसार करायचा होता. या खेपेला आपलं म्हणणं ऐकलं गेलं नाही तर या घरात ते कधीच ऐकलं जाणार नाही, हे ग्लेंडाला लख्ख कळून चुकलं.

ग्लेंडा शाळेच्या स्वयंपाकघरात होती. रोज पावणेतीनशे पोरांचं जेवण. किती पातेली, किती पळ्या, किती वेळ, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता, म्हणजे ज्या वेळी सगळ्या गल्लीला पाणी हवं असतं त्या वेळी, तिने बादली घेतली, स्वयंपाकघरातला गार नळ पूर्ण सोडला आणि घड्याळ लावून एक मिनिट मोजलं. मग दोन लिटरच्या मापाने बादली उपसली. चार मापं. मिनिटाला आठ लिटर, बस.

"आठ!" ती क्लाइव्हला म्हणाली. "घरात आठच लिटर येतंय. बेचाळीसचा काय, राजवाड्यातला बॉयलर आणलास तरी तो आठच तापवणार. बॉयलर म्हणजे पंप आहे का?"

क्लाइव्ह मोज्यात पाय घालता घालता थांबला. "बायको, हे डेस्मंडला सांगायचं कोणी?"

"मी!"

पण नुसतं सांगून भागणार नव्हतं. शेजारच्या घरी नळ धो धो वाहतो हे तिला ठाऊक होतं. मग आपल्याकडेच का कमी? ती सिंकखालच्या कपाटात शिरली. फिनेलच्या बाटल्या काढल्या, मागची फळी उचकटली, आणि रस्त्यावरून घरात येणाऱ्या पाण्याची मुख्य चावी दिसली. हात लावून बघते तर चावी अर्धवटच उघडी! जुना बॉयलर आला त्याच साली ओटा बसवताना डेस्मंडने पाणी बंद केलं होतं, आणि काम झाल्यावर चावी दोन फेरे उघडून तशीच सोडून दिली होती. पुढे फळी ठोकून टाकली. अकरा वर्षं अख्खं घर बॉयलरला शिव्या घालत होतं.

गंजून घट्ट बसलेली ती चावी तिने दोन्ही हातांनी, दात-ओठ खात, पूर्ण फिरवली. पुन्हा बादली, पुन्हा घड्याळ. बारा लिटर! ग्लेंडा सिंकपुढे उभी राहून एकटीच हसत सुटली.

गुरुवारी बॉयलर बसवणारा गॅसवाला नवीद आला. डेस्मंडही हजर. "याला बेचाळीसचं सांगून ठेवलंय मी," तो म्हणाला.

"आधी माप घ्या," ग्लेंडा नवीदला म्हणाली. नवीदने आपलं मापाचं भांडं नळाखाली धरलं. मग खोल्या फिरून आला, भिंती-खिडक्या पाहिल्या, वहीत आकडे मांडले.

"पाणी बारा लिटर," तो म्हणाला. "घर उबदार ठेवायला अकरा-बारा किलोवॅट पुष्कळ झाले. तेव्हा प्रश्न नळाच्या पाण्याचाच. तीसचा बॉयलर बारा लिटर छान तापवतो. बेचाळीसचा लावला तर गॅसची जाड नळी टाकावी लागेल, त्यासाठी जमीन उखडायची, आणि फायदा शून्य."

"म्हणजे तीसचाच," ग्लेंडा म्हणाली. "बाराचा आकडा मी सोमवारीच काढलाय. त्याआधी आठ होते. डेस्मंड, ओट्याखालची चावी तू अर्धी बंद ठेवलेलीस."

डेस्मंडने कपाटात डोकं घातलं, बराच वेळ बाहेर काढलं नाही. "तेव्हा घाई होती," आतून आवाज आला.

"अकरा वर्षं?" क्लाइव्ह म्हणाला. भावाला असं काही बोलायची त्याची ही पहिलीच वेळ.

पुढच्या आठवड्यात तीसचा बॉयलर भिंतीवर चढला. ग्लेंडाची फजिती बघायला डेस्मंड आलाच. थोरली कर्स्टी शॉवरखाली गेली, आणि ग्लेंडाने सगळ्यांदेखत खालचा गरम नळ सोडला. कुणी श्वास घेईना. क्लाइव्हने तर डोळेच मिटले. वरून किंकाळी येणार, येणार... आणि वरून आलं गाणं! कर्स्टी बेसूर, मनसोक्त, गळा फाडून गात होती. खाली सिंकमधून वाफा निघत होत्या. धाकटी तीन पोरं टाळ्या पिटत नाचायला लागली. ग्लेंडाला वाटलं आपणही नाचावं, आणि तिने एक गिरकी घेतलीसुद्धा.

नवीद हमीपत्र भरायला टेबलाशी बसला. "नाव कोणाचं घालू? घरातलं कर्तं माणूस कोण?"

डेस्मंडने सवयीने तोंड उघडलं. क्लाइव्हने भावाच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं.

"ग्लेंडा हॅडफिल्ड," तो म्हणाला. "आणि काही विचारायचं असेल तर तिलाच विचार."