रातपाळीचा दोर

सन एकोणीसशे ब्याण्णव. वैशाख लागला होता, इंदुरात गरम वाऱ्याची लू सुटली होती. त्या दिवशी मिलला कुलूप लागलं आणि मी गजाननच्या खिशात बसून बाहेर आलो.

मी एक सुती दोर. पुरुषभर लांब, करंगळीएवढा जाड. सूतखात्यात सूत पिळणाऱ्या चात्या फिरवायचं माझं काम. गेटवर जमादाराने मला उलगडून पाहिलं.

"हे काय नेताय, गजाननजी?"

"दोर."

"न्या. इथं आता राहिलंय काय!"

सारी जवानी त्या खात्यात घालून गजानन एवढंच घेऊन निघाला. हिशेबाचे पैसे बुडाले. बाजार खुला झाला, जुन्या मिली आता चालायच्या नाहीत, असं लोक राजवाड्यापाशी पोहे खाताना बोलत. खुला कोणासाठी झाला, मला माहीत नाही. गजाननसाठी गेट बंद झालं होतं.

सूतखात्याने त्याला अजून एक दिलं होतं. बहिरेपण. समोरच्याचे ओठ बघून तो बोलणं ओळखायचा. घरी बायकोला, शांताला ठाऊक होतं. बाहेर त्याने कुणाला सांगितलं नाही. बहिऱ्याला काम कोण देतं?

पुष्कळ हिंडल्यावर एका खासगी नर्सिंग होममध्ये काम मिळालं. आजाऱ्यांना उठवायचं, पुसायचं, कूस बदलायची. मॅनेजर विजय, तरणा माणूस.

"चार ते दहा ड्युटी, तिचा पगार. दहानंतर आपल्या पेशंट नानासाहेबांच्या खोलीतच पडत जा. खाट फ्री, पंखा फ्री."

"आणि रातपाळीचा पगार?"

"अरे भिया, झोपायचे पैसे कोण देतं?"

गरज होती. गजाननने काम धरलं.

नानासाहेबांचे वाडवडील होळकरांच्या फौजेत होते. आता त्यांचं अर्धं अंग लकव्याने गेलं होतं, वाचाही गेली होती. उशाशी एक घंटी होती. पहिल्याच रात्री ते घंटी वाजवत राहिले आणि गजानन झोपून राहिला. सकाळी अंथरूण ओलं. नानासाहेबांनी मान भिंतीकडे फिरवली. ती फिरवलेली मान गजाननला फार लागली.

दुसऱ्या दिवशी त्याने मला घरून आणलं. एक टोक नानासाहेबांच्या चालत्या हाताला, दुसरं आपल्या मनगटाला. मिलच्या गोंगाटात धागा तुटल्याचा आवाज कुणालाच येत नसे, ते हातालाच कळायचं. गजाननने तीच रीत इथं आणली.

मग माझी रातपाळी सुरू झाली. ओढ आली की तो उठायचा. पाणी, भांडं, कूस. कधी नानासाहेब नुसत्या भीतीनेच ओढायचे. तेव्हा तो त्यांच्या पायाशी बसून राहायचा. याला झोप म्हणतात? मनगटाला माणूस बांधून तुम्ही एकदा झोपून बघा. मग मला सांगा.

विजयला मी आवडलो. नानासाहेबांना इथं त्यांच्या सून यशोधराबाईंनी ठेवलं होतं. पुढे बिलात रातच्या सेवेचे वेगळे पैसे कशाचे, असं त्यांनी विचारलं तेव्हा विजयने मलाच उचलून दाखवलं.

"बघा भाभी, रात्री आमचा माणूस पेशंटला बांधलेलाच असतो. बुलाने की भी जरूरत नहीं."

गजानन त्याच्या मागे उभा होता. त्याला ओठ दिसले नाहीत. मी ऐकलं, पण माझ्याने सांगवेना.

काही वर्षांनी नानासाहेब गेले. तेरावं झाल्यावर गजाननने रातपाळीचे पैसे मागितले. विजय सगळ्या स्टाफसमोर हसला.

"गजाननजी, झोपेतल्या खर्राट्यांचं बिल बनवू का?"

हे मात्र त्याने ओठांवर वाचलं. मला खिशात घातलं आणि सरळ लेबर ऑफिस गाठलं. यशोधराबाईंकडेही गेला. "तुम्ही जे पाहिलं तेवढंच सांगा," म्हणाला.

सुनावणीला त्याने मला टेबलावर ठेवलं. "सरकारने ठरवलेली कमीत कमी मजुरी द्या. वर एक पैसा नको. मिलमध्ये वीज गेली, मशिनी थांबल्या, तरी आमची हजेरी लागायची. कारण आम्ही जागेवर होतो."

विजय म्हणाला, "साहेब, घंटी होती. वाजली तर उठायचं, नाहीतर आराम."

लेबर ऑफिसच्या साहेबांनी गजाननकडे बघून विचारलं, "घंटी होती, तर दोर कशाला?"

 गजानन मान ताठ करून म्हणाला, "मला घंटी ऐकू येत नाही. सूतखात्यात कान गेले."

"बघा!" विजय उठलाच. "बहिरा माणूस! साहेब, यांनी आम्हाला फसवलं!"

मागच्या बाकावरून यशोधराबाई उभ्या राहिल्या.

"विजयजी, हाच दोर दाखवून तुम्ही आमच्याकडून रातचे वेगळे पैसे घेतलेत. तेव्हा हा माणूस झोपत नव्हता, आता झोपायला लागला?"

"भाभी, वो तो बस..."

"भाभी म्हणू नका. माझ्या सासऱ्यांना बोलता येत नव्हतं. त्यांचं ऐकणारा तुमच्याकडे हा एकच माणूस होता."

खोलीत कुणी हसलं नाही. साहेबांनी मला हातात घेतलं, झिजलेल्या टोकावरून बोट फिरवलं आणि लिहायला लागले.

आता मी गजाननच्या घरी खुंटीला असतो. मधोमध विरलोय, ओझं पेलत नाही. तुमच्या घरी कुणी रात्री आजाऱ्यापाशी बसत असेल, तर सकाळी त्याचं मनगट बघा. झोपला होतास का, हे विचारू नका.

तेव्हा निकाल गजाननच्या बाजूने लागला आणि विजय पैशांचं पाकीट नि पावती घेऊन त्याच्या दारात आला. गजाननने पावती बोट ठेवून सावकाश वाचली. 'मदत' या शब्दावर बोट थांबलं.

"ही मदत कुणाला?"

"लिहायची पद्धत आहे, गजाननजी. रक्कम पूर्ण आहे."

"मदत नको. मजुरी लिही."

विजयने दारात उभ्या उभ्या खोडलं. मजुरी लिहिलं. गजाननने सही केली आणि पैसे घेतले.