उसने हात

"चेहरा आहे की भिंत? तिसरा हात मारतेय ही बया," आई लेकीच्या कानाशी पुटपुटली.

"हळू बोल, ऐकू जाईल तिला," ताई म्हणाली.

"जाऊ दे. या वयात रंगरंगोटी करून मला काय कुठे उजवायचंय?"

पावडरचा डबा हातात घेतलेल्या प्रचारवाल्या बाईंनी ते ऐकलं आणि त्या गोड हसल्या. गोड हसणं हा त्यांच्या कामाचाच भाग होता.

आज ताईची लाँड्री बंद होती. गिऱ्हाइकांचे कपडे दांडीवर एका कडेला सरकवून तिथे दिवे आणि कॅमेऱ्याची तिपाई उभी केली होती. ताईचा धाकटा भाऊ राज्याच्या निवडणुकीला उभा होता. गावात तो अजून टिल्लूच होता, पण राजधानीत फ्रीज बनवणाऱ्या कंपनीचा सगळ्यात मोठा साहेब. ती खुर्ची सोडून आता तो मतं मागायला निघाला होता, आणि मतं मागायची म्हटलं की माणसाला गाव आठवतं.

सकाळी आल्या आल्या त्याने अंगातला शर्ट काढून ताईपुढे धरला. "जरा चुरगाळून दे गं. फार कडक दिसतोय."

जन्म सुरकुत्या काढण्यात गेलेल्या बाईने भावाचा शर्ट मुठीत धरून चुरगाळला. तोही नीट चुरगाळला, दोन्ही बाह्या सारख्या.

फिल्म दोनच मिनिटांची होती. वडील लवकर गेले, आईने लोकांचे कपडे इस्त्री करून मुलाला शिकवलं, तो मोठा झाला. भाषणांतून ही गोष्ट त्याने इतक्यांदा सांगितली होती की आता सांगताना त्याचा गळा खराच दाटून यायचा. ताईने ती पहिल्यांदा टीव्हीवर ऐकली तेव्हा इस्त्री उभी करून ठेवली आणि शेवटपर्यंत ऐकली. मग पुन्हा कामाला लागली. शेजारणीने विचारलं, "भाऊ काय म्हणत होता?" तर म्हणाली, "आईचं चांगलं बोलला."

खरी गोष्ट अशी होती की वडील गेले आणि आईने अंथरूण धरलं. तीन वर्षं. 'आईची पाठ' असं घरात त्याला नाव पडलं होतं. ताई तेव्हा चौदाची, टिल्लू सहाचा. दुकान वडिलांचं, गिऱ्हाईक बांधलेलं, आणि कोळशाची इस्त्री दोन हातांनीसुद्धा उचलवत नव्हती. ताईने शाळेचं दप्तर खुंटीला लावलं ते पुन्हा काढलंच नाही. आई कशी आहे असं कुणी विचारलं की ती सांगायची, पाठ दुखतेय. डॉक्टरला का दाखवत नाही, असं लोकांनी विचारलं नाही. ते एक त्यांचं भलेपण.

"आजी, हात जरा टेबलावर ठेवता?" कॅमेरावाला म्हणाला.

आईने हात ठेवले. त्याने कॅमेऱ्यातून पाहिलं, मग डोळा बाजूला घेऊन तसंच पाहिलं. म्हातारे, पातळ कातडीचे, पण डाग नाही की चट्टा नाही असे हात.

"साहेब, फार मऊ आहेत. इस्त्रीवाल्या बाईचे वाटत नाहीत."

भाऊ खिशात चष्मा शोधू लागला. चष्मा त्याच्या नाकावरच होता.

तेवढ्यात कॅमेरावाल्याची नजर ताईच्या डाव्या हाताकडे गेली. त्या हाताने कापड ताणून धरायचं आणि उजव्याने इस्त्री फिरवायची, त्यामुळे जे काही भाजायचं ते डावीकडेच. मनगटापासून कोपरापर्यंत जुन्या चट्ट्यांची रांग होती.

"हे घेऊ या. चेहरा नाहीच दाखवायचा. नुसते हात."

"सुंदर," प्रचारवाल्या बाई म्हणाल्या. "आजी, तुमचं स्वेटर द्या ना ताईंना. आणि अंगठीसुद्धा, म्हणजे पुढच्या शॉटमध्ये तुमच्या बोटात तीच दिसेल."

ताईने आईकडे पाहिलं. आई खिडकीकडे पाहत होती.

"टिल्लू, आत ये जरा," ताई म्हणाली.

मागच्या खोलीत कपडे धुण्याचं मशीन घरघरत होतं. त्याच्या आवाजाआड ती म्हणाली, "माझं तोंड दाखवू नकोस, चालेल. माझं नाव घेऊ नकोस, तेही चालेल. पण हात माझे आणि नाव दुसऱ्याचं, हे कसं रे करू मी?"

"ताई, मला काय कळत नाही का?"

"कळतंय तर मग?"

"एकदा नाव घेतलं होतं तुझं. पहिल्याच सभेत. खाली उतरलो तर एकाने विचारलं, बहीण एवढीशी होती, मग आई कुठे होती?" कंपनीच्या बैठकीत भल्याभल्यांना गप्प करणारा माणूस, मशीनच्या झाकणावरचा साबणाचा डाग नखाने खरवडत राहिला. "काय सांगू मी त्याला? तू सांग. तू सांगशील तसं सांगतो."

ताईनेही तीस-चाळीस वर्षं हेच केलं होतं. लोकांपुढे पाठ पुढे करायची आणि त्या पाठीआड आईला झाकायचं. भावाने त्याच पांघरुणावर आणखी एक चादर घातली होती, इतकंच. फरक एवढाच, की या चादरीखाली आता ताईही जाणार होती. चौदाव्या वर्षापासूनची, सगळीच्या सगळी.

"चल," ती म्हणाली. "दिवे तापलेत त्यांचे."

अंगठी ताईच्या बोटाच्या पेरापाशी अडली. प्रचारवाल्या बाईंनी साबण लावून ती आत सारली. आईच्या स्वेटरच्या बाह्या चट्टे दिसावेत म्हणून कोपरावर सारल्या, त्या दंडात घट्ट होत होत्या. तिला टेबलाशी उभं केलं, आणि बाजारातून आणलेला एक लहान मुलाचा पांढरा शर्ट पुढे पसरला.

"आजी, तुम्ही जरा बाजूला बसा. सावली पडतेय," कॅमेरावाला म्हणाला.

आई उठून भिंतीशी स्टुलावर जाऊन बसली. कुणी हात दिला नाही, तिने मागितलाही नाही.

दिवा लागला. ताईने कॉलर धरली, इस्त्री टेकवली. वाफ उठली. भावाने कागद समोर धरून वाचायला सुरुवात केली. "माझ्या आईचे हे हात. या हातांनी आमचं घर..."

ताईचा हात चालत राहिला. कॉलर झाली, बाही घेतली. अंगठी बोटात रुतत होती. तिने मान खाली घातली होती आणि डोळ्यांतलं पाणी शर्टावर पडू नये एवढंच ती बघत होती. पडलं असतं तर डाग दिसला असता.

"...कधी थकलो म्हणाले नाहीत. या हातांनी..."

"बस कर रे," आई म्हणाली.

"आई, रेकॉर्डिंग चालू आहे."

"चालू दे." आवाज मोठा नव्हता. "हात तिचे आहेत. स्वेटर काढ गं, दंडाला काचतंय ते."

"आजी, आपण नंतर बोलू या का?" प्रचारवाल्या बाई पुढे झाल्या.

"नंतरच बोलतेय बाई. फारच नंतर." आई लेकीकडे बघत होती, बाकी खोलीत कुणी नसल्यासारखी. "पाठीला काही झालं नव्हतं माझ्या. हे गेले आणि मला उठावंसंच वाटेना. भिंतीकडे तोंड करून पडायचे. तू पहाटे निखारे फुंकायचीस, खोकायचीस, सगळं ऐकू यायचं मला. पहिल्यांदा भाजलीस तेव्हा तोंडात पदर कोंबून रडलीस, तेही ऐकलं."

ताईने इस्त्री उभी केली.

"उठता येत होतं मला," आई म्हणाली. "मी उठले नाही."