परमिटवरची सही

उत्तरेश्वर घोडके तेविसाव्या वर्षी धाराशिवकडून पुण्याला आला आणि वीज कंपनीत लागला. गेली एकतीस वर्षं तो ऑपरेटर होता. मांजरीच्या पुढे, लोणी काळभोरच्या बाजूला, उसाच्या शेतांमध्ये एक उपकेंद्र आहे. तिथून सहा लाइनी बाहेर पडतात, त्यांना फीडर म्हणतात. एखाद्या फीडरवर दुरुस्ती निघाली की लाइनमन फोन करतो. ऑपरेटर आतल्या पॅनेलवरून लाइन बंद करतो, यार्डात जाऊन मोठा स्विच ओढून लाइन तोडतो, त्याला कुलूप लावतो, पॅनेलवर ‘माणसे काम करीत आहेत’ अशी लाल पाटी अडकवतो आणि मग परमिट देतो. परमिट म्हणजे वहीतला एक नंबर आणि खाली ऑपरेटरची सही. त्या सहीच्या भरवशावर माणूस खांबावर चढतो आणि तारेला हात लावतो.

एकतीस वर्षांत उत्तरेश्वरच्या सहीवर चढलेला प्रत्येक माणूस सुखरूप खाली उतरला होता. साहेब लोक नव्या पोरांना त्याच्याकडे शिकायला पाठवत. चोपन्न वर्षांचा होता, चार वर्षं राहिली होती.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी सकाळी साडेदहाला हिंमतरावचा फोन आला. हिंमतराव काळभोर हा तिथला जुना लाइनमन, लोणीचाच. त्याला पाच नंबरचा फीडर बंद हवा होता. उत्तरेश्वरने सगळं रीतसर केलं आणि परमिट दिलं. पाळीवरचा जोडीदार रजेवर होता, त्यामुळे तो एकटाच होता. पाऊण तासाने एका नव्या सोसायटीतून एका बाईंचा फोन आला. लाइट कधी येणार, लिफ्ट बंद आहे, सासऱ्यांना दवाखान्यात न्यायचंय, असं त्या विचारत होत्या. बघतो म्हणून त्याने फोन ठेवला.

यानंतरचं त्याला आठवत नाही.

पुढचं आठवतं ते असं की तो पॅनेलसमोर उभा आहे, उजवा हात पाच नंबरची लाइन चालू करायच्या मुठीवर आहे, आणि मनात अगदी शांतपणे विचार चाललाय की हा फीडर आपोआप बंद पडलेला दिसतो, चालू करून टाकू. टेबलावरचा फोन वाजत होता. मूठ न सोडताच त्याने डाव्या हाताने तो उचलला.

“आप्पा, अजून धा-पंधरा मिंटं द्या. काम जरा आडलंय,” हिंमतराव म्हणाला.

उत्तरेश्वरने टेबलाकडे पाहिलं. लाल पाटी तिथे पालथी पडली होती. तिच्याशेजारी यार्डातलं कुलूप होतं, उघडलेलं, किल्ली त्यातच. त्याच्या चपलांना ओली माती लागली होती. म्हणजे तो उठला होता, पाटी काढली होती, यार्डात गेला होता, कुलूप उघडून मोठा स्विच जोडून आला होता, आणि आता फक्त ही मूठ फिरवायची राहिली होती. हे सगळं त्यानेच केलं होतं. दुसरं कोणी तिथे नव्हतंच.

“वेळ घे,” तो कसाबसा म्हणाला. “घाई करू नको.”

मुठीवरून हात काढताना बोटं सुटेनात. एकेक बोट सोडवावं लागलं. मग तो धावत यार्डात गेला, स्विच पुन्हा ओढला, कुलूप लावलं, ते तीनदा हिसडून पाहिलं आणि तिथेच खडीवर बसला.

सव्वाबाराला हिंमतराव काम संपवून आला. नेहमीसारखा माठातलं पाणी प्याला, मान पुसली, ऊसतोडवाल्यांच्या ट्रॅक्टरने रस्ता कसा अडवलाय ते सांगत बसला. उत्तरेश्वर त्याच्या हातांकडे बघत होता. काळे, चरे पडलेले, वंगण लागलेले ते हात ग्लास धरत होते, वहीत सही करत होते. तोंडापर्यंत आलेलं त्याला बोलता येईना. लाइन चालू करायची वेळ आली तेव्हा त्याने हिंमतरावला शेजारी उभं केलं आणि वहीतली नोंद मोठ्याने वाचायला लावली. हिंमतराव हसला, पण त्याने वाचली.

त्या दिवशी बिबवेवाडीला घरी येईपर्यंत त्याने स्कूटर वीसच्या वर नेली नाही. प्रत्येक सिग्नलला तो स्वतःला विचारत होता, मागचा सिग्नल आठवतोय का. आणि मग इतके दिवस बाजूला सारलेल्या गोष्टी एकेक करून समोर यायला लागल्या. दिवाळीच्या आधी तो स्कूटरवरून घर मागे टाकून थेट कात्रजपर्यंत गेला होता, आणि का गेलो हे त्याला सांगता आलं नव्हतं. डिसेंबरमध्ये वहीत त्याच्याच अक्षरातली एक नोंद सापडली होती, ती लिहिल्याचं त्याला आठवत नव्हतं. तेव्हा त्याने ठरवलं होतं की झोप कमी पडतेय.

शुक्रवार-शनिवारची त्याने रजा टाकली. घरात तो रिकामा हिंडत राहिला. गॅस बंद आहे का बघून यायचा आणि पाच मिनिटांनी पुन्हा जायचा. रविवारी दुपारी दीपमाला, त्याची बायको, मेथी निवडत बसली होती. तिने डोकं वर न करता विचारलं की काय झालंय ते सांगणार आहात, की मीच कोणाला तरी विचारू. तेव्हा त्याने सगळं सांगितलं.

दीपमाला आधी व्यवहाराचं बोलली. आपल्या पोराचं, शुभंकरचं, इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष आहे, चार वर्षं तर राहिलीत, तुमच्या वरच्या मॅडमना सांगून ऑफिसात बसायचं काम घ्या, चुका सगळ्यांच्याच होतात. मग म्हणाली, “आणि तसं कोणाला काही झालं नाही ना?”

“झालं असतं, तर मी चौकशीत सांगितलं असतं की मला काही आठवत नाही,” उत्तरेश्वर म्हणाला. “आणि ते खरं असतं, दीपा. मी खरं बोलत असतो, आणि हिंमतराव गेलेला असता.”

तिच्या हातातली काडी तशीच राहिली. ती उठली, त्याच्या शेजारी येऊन बसली आणि तिने त्याचं मनगट धरलं.

सोमवारी तो हडपसरच्या ऑफिसात त्याच्या वरच्या अधिकारी शेफाली मॅडम यांच्याकडे गेला. मॅडम बत्तीस-तेहतीसच्या, हुशार, आणि माणसं कमी असल्यामुळे कायम घाईत. त्याने सांगितलं, पण पुरतं सांगितलं नाही. जरा विसरायला होतं, त्या दिवशी थोडक्यात चूक टळली, स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज द्यायचा विचार आहे, एवढंच. मुठीवर हात होता हे सांगायचं धैर्य झालं नाही. मॅडम म्हणाल्या की घोडके, तुम्हीच असं म्हणायला लागलात तर बाकीच्यांचं काय. उन्हाळ्याची कामं अंगावर आहेत, मार्चअखेरपर्यंत काढा, मग बघू. आणि लेखी काही देऊ नका, उगाच चौकशी मागे लागेल.

बाहेर आल्यावर त्याला हलकं वाटलं. नंतर त्याला सगळ्यात जास्त भीती वाटली ती या हलकं वाटण्याची. कोणीतरी आपल्याला काम सोडू नका म्हणालं आणि आपण खूश झालो, हे त्याच्या लक्षात आलं.

तीन दिवस त्याने कामावर काढले. तळहातावर पेनने लिहून ठेवायचा, मोबाइलवर दर दहा मिनिटांनी गजर लावायचा. गजर वाजला की दचकायचा आणि कशासाठी लावला होता ते तळहातावर वाचायचा. बुधवारी घामाने तळहातावरची शाई पसरली आणि त्याला ती वाचता येईना. त्या दिवशी एकही परमिट नव्हतं, हे नशीब.

गुरुवारी हिंमतरावचा पुन्हा फोन आला. दोन नंबर हवा होता. उत्तरेश्वरने लाइन बंद केली, स्विच ओढला, कुलूप लावलं, पाटी अडकवली. वहीत नंबर लिहिला. सही करायला पेन टेकवलं आणि ते पुढे सरकेना. फोनवर पलीकडे हिंमतराव परमिटचा नंबर मागत होता.

“परमिट देत नाही,” उत्तरेश्वर म्हणाला. “चढू नकोस. इकडे ये आधी.”

हिंमतराव वीस मिनिटांत मोटरसायकलवर आला तो वैतागूनच. तिकडे कामाच्या जागी गाडी, शिडी, दोन माणसं खोळंबली होती. उत्तरेश्वरने त्याला खुर्ची दिली, पण तो बसला नाही. उत्तरेश्वर उभ्यानेच बोलला. या वेळी त्याने काहीही गाळलं नाही. पाटी, कुलूप, चपलांची माती, मूठ आणि सोमवारचं मॅडमचं बोलणं, सगळं सांगितलं.

हिंमतरावने पॅनेलकडे पाहिलं. मग त्याने विचारलं, “हात ठिवला व्हता?”

“हो.”

“मी वर व्हतो तवा?”

“हो.”

“मी फोन का केला ठावं हाय का तुमाला?” हिंमतराव म्हणाला. “हातातला पाना निसटून खाली पडला. खाली गवात, कुनाला घावंना. म्हनून म्हटलं, पाना घावंस्तोवर आप्पाला कळवावं. पाना पडला नसता, तर मी फोन केलाच नसता.”

उत्तरेश्वरला ते ठाऊक नव्हतं.

हिंमतराव बाहेर गेला. खिडकीतून दिसत होतं, तो मोटरसायकलला टेकून उभा होता आणि बिडी पेटवायचा प्रयत्न करत होता. तीन काड्या विझल्या. चौथी त्याने पेटवलीच नाही, बिडी फेकून दिली. तो आता निघून जाईल, चारचौघांत सांगेल, आणि त्यात त्याचं काही चुकणार नाही, असं उत्तरेश्वरला वाटलं. पण तो परत आत आला आणि समोर बसला.

“आठ दिस तुमी मला सांगितलं न्हाई,” तो म्हणाला. “त्ये मी इसरणार न्हाई, आप्पा. पर आता लिवून काढा. काय झालं त्ये जसंच्या तसं लिवा. खाली मी सही करतो. मंग मॅडमला तुमाला कामावर ठिवून घ्यायला जागा ऱ्हानार न्हाई.”

उत्तरेश्वरने लिहिलं. एकदा अर्धं पान फाडून पुन्हा लिहिलं. हिंमतरावने एकेक ओळ बोट ठेवून वाचली आणि सही केली. दुपारी एकला शेफाली मॅडम स्वतः आल्या. कागद वाचताना त्यांचा चेहरा उतरला. आपण सोमवारी काय म्हणालो होतो ते त्यांना आठवलं असावं, कारण त्या त्याच्याकडे बघेनात. त्यांनी दोन नंबरचं काम रद्द केलं, दुसरा ऑपरेटर बोलावून घेतला आणि उत्तरेश्वरकडून किल्ल्या घेतल्या. किल्ल्या देताना आपल्याला वाईट वाटेल, असं त्याला वाटलं होतं. तसं काहीच झालं नाही. त्याला फक्त बसावंसं वाटलं.

चौकशी झाली, दोनदा झाली. त्याला तेच तेच विचारलं गेलं आणि तो तेच सांगत गेला. तिथेही एका साहेबांनी सुचवलं की मूठ धरल्याचं वगळा, तुमच्याच नोकरीच्या रेकॉर्डला डाग लागेल. उत्तरेश्वर नको म्हणाला. एप्रिलच्या अखेरीस त्याचा निवृत्तीचा अर्ज मंजूर झाला. दरम्यान दीपमालाने त्याला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, त्याला आजची तारीख विचारली, शंभरातून सात वजा करत जायला सांगितलं, पाच शब्द सांगून थोड्या वेळाने परत विचारले. त्याला तीन आठवले. डॉक्टर म्हणाले की हे मेंदूतले लहान झटके, फिटचाच एक प्रकार, असू शकतात, तसं असेल तर गोळ्यांनी आटोक्यात येतील. दुसरंही काही असू शकतं. सहा महिन्यांनी पुन्हा बघू, आताच नक्की सांगता येणार नाही. स्कूटर मात्र आजपासून बंद.

निरोपाच्या दिवशी उपकेंद्रात पेढे वाटले, शाल दिली. हिंमतराव उशिरा आला, कामावरून तसाच. भाषण वगैरे त्याने केलं नाही. नव्या ऑपरेटरला त्याने सगळ्यांसमोर सांगितलं की माझं परमिट असलं की पॅनेलला मी माझं बी एक कुलूप लावणार, किल्ली माझ्या खिशात ऱ्हाईल, कुनाला राग आला तरी चालंल. शेफाली मॅडमनी मान डोलावली. मग हिंमतरावने उत्तरेश्वरला मोटरसायकलवरून बसस्टॉपपर्यंत सोडलं. उतरताना उत्तरेश्वर म्हणाला, “येत जा घरी.” हिंमतराव म्हणाला, “बघू,” आणि गाडी वळवून गेला.

दीपमाला स्टॉपवर थांबली होती. ती त्याला न्यायला आली होती, पण भाजीला आले होते, असं म्हणाली. बस मिळाली, जागाही मिळाली. हडपसरचा पूल गेल्यावर तिने हळूच विचारलं, “भीती वाटते का?”

त्याने विचार केला. ते पाच शब्द त्याने मनात पुन्हा म्हणून पाहिले. आजही तीनच आले.

“वाटते,” तो म्हणाला. “पण आता फक्त माझ्यापुरतीच.”

“तुमच्यापुरतीच नाही, माझ्यापुरतीही आहे,” दीपमाला म्हणाली आणि पिशवी मांडीवर नीट घेऊन खिडकीबाहेर बघत बसली.