शाडूचं सैन्य

ओल्या शाडूचा वास आला की मला माझी ताई दिसते. हिवाळ्यातलं तिरपं ऊन खिडकीतून तिच्या मांडीवर उतरलेलं, हातात टाचणी, आणि बोटभर उंचीच्या सैनिकाच्या कपाळावर ती एकाग्रतेनं भुवया कोरत बसलेली. पडेगावच्या मूर्तिकाराकडून उरलेली माती आणायची, तिच्यातून घोडेस्वार, भालाईत, हत्ती घडवायचे, रंगवायचे, आणि रविवारी क्रांती चौकाजवळच्या खेळण्यांच्या दुकानाच्या माडीवर, मोठ्या टेबलावर ते मांडून, टेपनं अंतर मोजत, फासे टाकत लढाई खेळायची. लढाईआधी ती सैन्यावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडायची. आपल्या सैन्याची दृष्ट काढायची, आणि समोरच्याच्याही. "त्यांना पण नजर लागती ना," म्हणायची. सगळे हसायचे.

समोरची मंडळी पैशावाली. परदेशातून तयार सैनिकांचं नवं खोकं आलं की त्यातल्या सैनिकाला जुन्यापेक्षा जास्त बळ. तसं नियमांच्या पुस्तकातच छापलेलं! म्हणजे खिसा जड, तर भालाही लांब. हा कसला आलाय खेळ? ताईच्या मातीच्या सैनिकांना जुन्या, साध्या सैनिकांचं बळ मिळायचं, तरीही टेकडीआड शांतपणे थांबून, समोरच्याचा उतावीळपणा ओळखून, ती कितीदा तरी जिंकायची. तेच त्यांना सोसलं नाही.

एका रविवारी त्यांच्या सांगण्यावरून दुकानदारानं फळ्यावर लिहिलं, यापुढं फक्त विकतचे सैनिक चालतील. ताईनं ते वाचलं. "असू दे रे, दुकान त्यांचं हाय," एवढंच म्हणाली, आणि सैनिकांचा डबा उराशी धरून जिना उतरली. मी मात्र तिथंच उभा राहून भांडलो. फाशांनी जी जीत दिली नाही ती यांनी दारातच विकत घेतली, आणि वर आम्हालाच सांगतात, पैशानं काय होतंय, डोकं लागतं! लाज कशी वाटत नाही?

त्यानंतर तिनं माती भिजवली नाही. पुढं आजारपणात बोटं थिजली, आणि गेल्या थंडीत ती गेली. तेरावं उरकतंय तोच दुकानदार घरी आला. चहा पिऊन, घसा खाकरून म्हणाला, "भाऊ, ताईंचे सैनिक द्या ना, काचेच्या कपाटात ठेवतो. लई सुंदर हायेत, दुकानाला शोभा येईल."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जिवंतपणी टेबलावर नको होते, आता शोभेला चालतात व्हय! "नाय देणार," म्हणालो, आणि तो पायऱ्या उतरायच्या आत दार लावून घेतलं.

आता रविवारी दुपारी मी ते सैन्य खिडकीतल्या उन्हात मांडतो. समोर कुणी नसतं. ऊन एकेका भालाईतावरून सरकत जातं, आणि मातीत तिच्या अंगठ्याच्या रेषा उजळतात. मग मी हात ओवाळून बोटं मोडतो. आधी यांची दृष्ट काढतो, मग शिव्या घालत का होईना, त्या माडीवरच्यांचीही, कारण काळानं तिला नेलं, तरी तिचा हात माझ्या हातातून अजून गेलेला नाही.