हंसानं धरलेली जीभ

इथे परदेशात, आमच्या हर्नडन गावातल्या एका बेसमेंटमध्ये चपलांचा ढीग जिन्यापर्यंत आला होता. मनोहरमहाराज चिमट्यात हाडाचा करडा तुकडा धरून सांगत होते, "सरस्वतीच्या हंसाचं हे हाड. दुधातून पाणी वेगळं काढणारा पक्षी हा. शरीरातून रोग काढणं त्याला काय जड?"

आमच्या शेजारच्या गिरिजाकाकूंनी जीभ पुढे केली. चिमटा सुटला, तरी तुकडा जिभेला लटकून राहिला.

"हंसानं जीभ धरली. आता कशाला ते केमोचं विष?" महाराज म्हणाले.

महाराजांच्या शब्दावर काकूंनी केमो कॅन्सल केली, त्याला अख्खा उन्हाळा उलटला होता.

मी संग्रहालयात जीवाश्म साफ करते. मीही जीभ पुढे केली. तुकडा घसरून पडला.

"संशयी जिभेला हंस शिवत नाही," महाराज म्हणाले. लोक हसले. पण काकूंचा तुकडा कोरड्या डबीतून आला होता, माझा तीर्थाच्या वाटीतून.

पुढच्या रविवारी मी दिवाळीच्या कोऱ्या पणत्या फोडून नेल्या. काकूंचे यजमान रवींद्रकाका पुढेच बसले होते.

"काका, जीभ दाखवा."

"प्रीता, काय चाललंय यार?" म्हणत त्यांनी दाखवली. पणतीची खापरी चिकटली. मग सगळ्यांच्याच जिभांना चिकटल्या. तीर्थात बुडवलेली खापरी मात्र एकाही जिभेवर टिकली नाही.

"हिच्यात बारीक छिद्रं आहेत," मी म्हटलं. "कोरडी असली की थुंकी शोषते आणि चिकटते. जुनं हाडही तसंच. हाड की दगड, हे आम्ही असंच जीभ लावून बघतो."

"मग हे हाड कुणाचं?" काकांनी विचारलं.

"पोकळ, पण जाड भिंतीचं. बहुधा बुडी मारणाऱ्या, केव्हाच नामशेष झालेल्या पाणपक्ष्याचं. असे पक्षी आपल्याला तुकड्यांतूनच माहीत आहेत. हा कुठे सापडला, महाराज?"

"हिमालयात."

"कुठल्या खडकात?"

महाराजांनी डबी मिटली. एवढं जुनं हाड, पण सापडल्याचं ठिकाण हरवल्यावर त्याचा काळ कळेना, ते जवळजवळ मुकंच झालं.

काकू खापरीकडे पाहत राहिल्या. "पण मला खरंच बरं वाटत होतं गं." केमो थांबल्यावर तिचा त्रास थांबणारच होता.

केमो पुन्हा सुरू झाली. आधी आक्रसत चाललेली गाठ मधल्या काळात यकृतापर्यंत पोचली होती. डॉक्टर आता बरं होण्याबद्दल बोलत नाहीत, त्रास कमी करण्याबद्दल बोलतात.

महाराज सध्या अर्विंग शहरात आहेत म्हणे, म्हणून तिथल्या लोकांसाठी हे लिहिलं. हंस तुमची जीभ धरेल, तेव्हा घरातली एक कोरी पणती फोडून तिची खापरीही जिभेला लावून बघा. आणि काहीही झालं तरी औषध थांबवू नका.